डेव्हिल आणताय? आधी त्याचा वरिष्ठ ठरवा

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर नवा डंजन मास्टर (डीएम) पहिल्यांदा डेव्हिल आणतो तेव्हा तो बहुधा एकटाच येतो. जमीन फाटते, गंधकाचा वास सुटतो, शिंगं दिसतात, चार-पाच फेऱ्या फासे पडतात, डेव्हिल मरतो आणि पार्टी पुढच्या खोलीकडे वळते. मागच्या सेशनला मारलेल्या ट्रोलमध्ये आणि याच्यात काय फरक होता, असं खेळाडूंना विचारलं तर कुणालाच धड सांगता येत नाही. आकडे बरोबर असतात, वर्णनही झकास असतं. राहून गेलेलं असतं ते एवढंच की डेव्हिल हा या खेळात मुळात सैनिक आहे. पलटणीशिवाय आणि हुकुमाशिवाय त्याला उभा केला की त्याचं निम्मं बळ वाया जातं.

डेव्हिल कोणताही असो, त्याचे हिट पॉइंट बघण्याआधी तो कोणाच्या हाताखाली आहे ते ठरवा, आणि आजच्या कामगिरीवर त्याचं काय अवलंबून आहे तेही. एवढं ठरलं की लढाई, बोलणी, दगा, तह या सगळ्याला आपोआप दिशा मिळते. हा लेख मुख्यतः डीएमसाठी आहे, पण खेळाडूंच्या कामाचंही त्यात बरंच आहे.

ही फौज आली कुठून

डीमन या खेळात 1976 साली 'एल्ड्रिच विझर्ड्री' या पुस्तिकेतून आले. डेव्हिल त्यानंतर, 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये. खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने दोघांत जी रेघ मारली ती आजही टिकून आहे: दोघेही दुष्ट, पण डीमन बेबंद आणि डेव्हिल शिस्तीचे. त्या पहिल्या पुस्तकातच डेव्हिलांची उतरंड होती. सगळ्यात वर ॲस्मोडिअस, मग डिस्पॅटर, बालझेबुल, गेरिऑन असे सरदार, त्यांच्याखाली पिट फीन्ड आणि इतर, तळाला लेम्युर. 1983 मध्ये एड ग्रीनवुडने 'ड्रॅगन' मासिकात नरकाच्या नऊ थरांवर लिहिलं आणि या सरदारांच्या दरबारांना नावं-गावं मिळाली.

पुढे अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेचे आरोप झाले. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत डीमन आणि डेव्हिल हे दोन्ही शब्द गाळण्यात आले. नंतर डेव्हिल 'बाटेझू' आणि डीमन 'तानारी' या नावांनी परतले. याच आवृत्तीच्या काळात ब्लड वॉर, म्हणजे डेव्हिल आणि डीमन यांच्यातलं युद्ध, जन्माला आलं, आणि 1994 च्या 'प्लेनस्केप'ने त्याला विश्वाच्या केंद्राशी आणून बसवलं. कल्पना साधी आणि जबरदस्त आहे. डीमनांच्या लोकातून, अबिसमधून, त्यांच्या झुंडी अखंड येत राहतात, त्यांना अंत नाही. डेव्हिल संख्येने कमी आहेत. तरी ते हरत नाहीत, कारण त्यांच्याकडे कवायत आहे, रसद आहे, हुकमाची साखळी आहे. हे युद्ध थांबलं तर डेव्हिलांच्या साऱ्या राज्यव्यवस्थेचं कारणच संपेल. त्यांची बढती, त्यांचा कायदा, आत्म्यांसाठीची त्यांची हाव, सगळं या आघाडीला पोसण्यासाठी चालतं.

डीएमने मनात पक्कं धरायची गोष्ट ही. डेव्हिल माणसाच्या आत्म्यामागे लागतो तो निव्वळ दुष्टपणापायी नव्हे. त्याच्या फौजेला भरती हवी असते. करारात गमावलेला किंवा पापाने भ्रष्ट झालेला आत्मा नरकात लेम्युर होऊन उतरतो, आणि लेम्युर म्हणजे या फौजेचा सगळ्यात खालचा शिपाई.

नऊ थर, पण तुम्हाला आधी एकच लागेल

नऊ थर क्रमाने असे: अव्हर्नस, डिस, मिनॉरोस, फ्लेगेथॉस, स्टिजिया, मालबोल्ज, मालाडोमिनी, केनिया आणि तळाशी नेसस. पाचव्या आवृत्तीत त्यांचे धनी आहेत झारिएल, डिस्पॅटर, मॅमन, बेलियल आणि फिएर्ना ही जोडी, बर्फात गोठलेला लेव्हिस्टस, ॲस्मोडिअसची मुलगी ग्लाझिया, बालझेबुल, मेफिस्टोफिलीस आणि स्वतः ॲस्मोडिअस. हे सगळं पाठ करायची घाई करू नका. अव्हर्नस नीट समजून घेतलं तरी वर्षभराचं कॅम्पेन चालतं.

अव्हर्नस हा पहिला थर, म्हणून तीच आघाडी. स्टिक्स नदी त्यातून वाहते आणि डीमनांच्या झुंडी त्याच वाटेने चढून येतात. जमीन उजाड, जिकडे बघावं तिकडे मोडकी शस्त्रं आणि हाडं. इथली सत्ता झारिएलकडे आहे. ती पूर्वी देवदूत होती. ब्लड वॉरवर नजर ठेवणं हे तिचं काम, पण बघत बसणं तिला सोसेना. एल्टुरेल शहराच्या हेलरायडर घोडेस्वारांना घेऊन ती नरकावर चालून गेली, हरली, आणि ॲस्मोडिअसने तिच्यातलं ते युद्धाचं वेड ओळखून तिलाच अव्हर्नसची धनीण केलं. तिच्याआधी इथे बेल नावाचा पिट फीन्ड राज्य करत होता. आता तो तिच्या हाताखाली शस्त्रं घडवतो. ज्याची गादी गेली तोच नव्या मालकिणीच्या तलवारी ठोकतोय, एवढी एक गोष्ट तुमच्या हातात आली तर तुमचं अर्धं कथानक तयार आहे. बेलला पार्टीची मदत हवीच असणार. त्याला ती उघडपणे मागता येणार नाही. आणि झारिएलला हे ठाऊक असेल का, हा प्रश्न प्रत्येक सेशनला टेबलावर राहील.

2019 मध्ये आलेलं 'बाल्डर्स गेट: डिसेंट इनटू अव्हर्नस' हे साहसाचं पुस्तक बरंचसं याच थरावर घडतं. त्यातली नरकाची युद्धयंत्रं आत्म्यांच्या नाण्यांवर चालतात. प्रत्येक नाण्यात एक आत्मा कोंडलेला, आणि तो इंधन म्हणून जळतो. खेळाडू अशा गाडीत बसले की गाडी चालवायची की नाही हाच पेच उभा राहतो. तिथे तुम्ही काही शिकवू नका, बाजू घेऊ नका. नाणं यंत्रात सरकवताना आतून आलेला आवाज तेवढा ऐकवा आणि थांबा.

हुद्दे

इथले आणि पुढचे आकडे 2014 च्या नियमांचे. तळाला लेम्युर. वितळलेल्या मेणासारखा आकार, अक्कल जवळपास नाही, 13 हिट पॉइंट. पण नरकात मेलेला लेम्युर एक ते दहा दिवसांत पुन्हा उठतो. त्याला कायमचा संपवायचा तर सत्प्रवृत्तीच्या आणि ब्लेस मंत्राखाली असलेल्या कुणीतरी त्याला मारावं लागतं, नाहीतर त्याच्या अवशेषांवर पवित्र पाणी शिंपडावं लागतं. सेनापतीच्या नजरेतून याचा अर्थ बघा: ही अशी फौज, जिची पहिली रांग कधीच खरी कमी होत नाही.

लेम्युरला बढती मिळाली की तो बहुतेक वेळा इम्प होतो. इम्प अदृश्य होतो. उंदीर, कावळा किंवा कोळी होतो. वॉरलॉकच्या खांद्यावर बसतो आणि वर अहवाल पाठवतो. स्पाइन्ड डेव्हिल हे उडते जासूद आणि निरोपे. त्यांच्यावर बिअर्डेड डेव्हिल, ज्यांना बार्बाझू म्हणतात. ही हल्ला चढवणारी पायदळाची फळी. बार्ब्ड डेव्हिल खजिन्यांवर आणि तुरुंगांवर पहारा देतात आणि त्यांना वस्तूंचा हव्यास असतो. बोन डेव्हिल हे मुकादम. खालच्यांना हाकतात, वरच्यांचा मत्सर करतात. हॉर्न्ड डेव्हिल हे उडतं पायदळ. 'मॉन्स्टर मॅन्युअल'नुसार ते आळशी, अंग राखून लढणारे, आणि आपल्याहून बलवान असलेल्यांना घाबरणारे. एरिनिस ही पंखांच्या योद्ध्यांची उत्तम पलटण. आइस डेव्हिल गोठलेल्या थरांवरचे सरदार. वर पिट फीन्ड, म्हणजे सेनापती: 300 हिट पॉइंट, फायरबॉल हवा तितक्या वेळा, आणि भोवती 20 फुटांत भीतीचं वलय.

यातला माझा आवडता बिअर्डेड डेव्हिल आहे आणि डीएमने सगळ्यात जास्त अभ्यास त्याचाच करावा. पिट फीन्ड कॅम्पेनमध्ये एकदा येईल. बार्बाझू मात्र पुन्हा पुन्हा येणार. त्याच्या पानावर 'स्टेडफास्ट' नावाचा एक ओळीचा गुण आहे: आपला साथीदार 30 फुटांत दिसत असेल तोवर या डेव्हिलला भीती घालता येत नाही. नियमपुस्तकात ही ओळ छोटी आहे, पण साऱ्या जातीचा स्वभाव तीत आला आहे. एकटा बार्बाझू घाबरू शकतो. रांगेतला घाबरत नाही.

म्हणून रांग मोडू द्यायची नाही, हे त्यांचं पहिलं तत्त्व. आणि खेळाडूंना हे कळलं की रांग मोडणं हे त्यांचं पहिलं काम. बघता बघता लढाईत डावपेच आले, आणि त्यासाठी तुम्हाला एकही नवा नियम लिहावा लागला नाही.

पुलावरची चौकी

सातव्या पातळीची चार जणांची पार्टी आहे असं धरू. स्टिक्सवरच्या दगडी पुलावर तीन बिअर्डेड आणि दोन स्पाइन्ड डेव्हिल. 2014 च्या नियमांनी मोजलं तर ही लढत 'अवघड' गटात बसते. पुलापलीकडे एका कमानीत एक बोन डेव्हिल उभा आहे. तो लढणार नाही. तो पाहणीला आलाय.

बार्बाझूंना आडवे उभे करा, दोघांमध्ये 5 फुटांहून जास्त जागा नको. त्यांच्या ग्लेव्हची पोच 10 फूट आहे, त्यामुळे मागचाही पुढच्याच्या खांद्यावरून वार करतो. प्रत्येक फेरीत त्यांना दोन हल्ले मिळतात, एक दाढीचा आणि एक ग्लेव्हचा. दाढीचं विष चढलं की बळीला हिट पॉइंट परत मिळवता येत नाहीत. ग्लेव्हची जखम वाहत राहते आणि बळीच्या दर पाळीच्या सुरुवातीला सरासरी 5 हिट पॉइंट घेऊन जाते. पुन्हा वार लागला तर वाहणं आणखी वाढतं. जखम बांधायची तर एक ॲक्शन खर्चून 12 चा वैद्यकीचा फासा जमवावा लागतो. म्हणजे दाढी आणि ग्लेव्ह मिळून तुमच्या क्लेरिकलाच कैचीत पकडतात. रांगेतल्या तिघांनी वार एकाच योद्ध्यावर करावेत. शिस्तीची फौज तेच करेल.

स्पाइन्ड डेव्हिल वरून काटे मारतील. प्रत्येकाकडे 12 काटे आणि एका फेरीत दोन, म्हणजे सहा फेऱ्यांत साठा रिकामा. त्याआधी त्यांच्यातला एक निघून जाईल. कुठे? वरिष्ठाकडे. तो निसटला की पार्टीला कळलं पाहिजे की कुमक येणार. त्याला पाडायचं की पुलावरच्या जखमी मित्राकडे धावायचं, असा निर्णय तुम्ही त्यांच्यासमोर ठेवलात.

हे सगळे एकमेकांशी 120 फुटांपर्यंत मनाने बोलतात, तेव्हा आरडाओरडा नको. शांततेत हलणारी रांग जास्त भेदक वाटते. फक्त कमानीतल्या बोन डेव्हिलला आवाज द्या. रांग मोडली, दोन बार्बाझू पडले, तिसरा मागे सरकत कमानीपर्यंत आला. तेव्हा तो शांतपणे विचारतो, "ही चौकी कुणाच्या नावावर आहे?" तिसरा उत्तर देत नाही. बोन डेव्हिल शेपटीचा काटा उचलून त्याच्या मानेत रुतवतो, मग पार्टीकडे बघतो आणि निघून जातो.

खेळाडूंना आता तीन गोष्टी कळल्या, आणि तुम्ही एकही सांगितली नाहीत. हा बोन डेव्हिल बलवान आहे. त्याला पार्टीपेक्षा स्वतःच्या लोकांचं अपयश जास्त महत्त्वाचं आहे. आणि या चौकीचा मालक कुणीतरी तिसराच आहे, ज्याला आज जाब द्यावा लागणार. पुढचं सेशन त्या मालकाचं.

खेळाडूंनी काय करावं

आग आणि विष विसरा. डेव्हिलांवर त्यांचा परिणाम होत नाही, आणि फायरबॉलवर जगणाऱ्या विझर्डने हे आधीच समजून घेतलेलं बरं. 2014 च्या नियमांत साध्या शस्त्राचं नुकसान बहुतेक डेव्हिलांना निम्मंच लागतं, चांदीचा मुलामा दिलेलं शस्त्र मात्र पुरेपूर लागतं. एका शस्त्राच्या मुलाम्याला 100 सोन्याची नाणी पडतात. जादूचं शस्त्र असेल तर तोही खर्च नको. काळोखाचा मंत्र टाकून लपाल तर डेव्हिल तुम्हाला बघत राहतील, कारण त्यांची नजर जादूच्या अंधारातूनही जाते.

पण खरी चांदी बोलण्यात आहे. खालच्या हुद्द्याच्या डेव्हिलला स्वतःचा निर्णय घेता येत नाही. "तुझा हुकूम कुणाचा आहे?" हा प्रश्न त्याला तलवारीपेक्षा जास्त बोचतो. हुकूम खोटा असेल तर तो अडकला, खरा असेल तर तुम्हाला वरचं नाव मिळालं. मधल्या हुद्द्याचा डेव्हिल मत्सराने पोखरलेला असतो. त्याच्या वरच्याचं अपयश त्याच्या हातात पुरावा म्हणून द्या आणि तो तुम्हाला वाट सोडेल. त्याला तुमची दया आली असं समजू नका. त्याला एक पायरी वर जायचंय. वरच्या हुद्द्याचा डेव्हिल शब्द पाळतो, अक्षरशः पाळतो. त्यामुळे त्याच्याशी बोलताना भावना गुंडाळून ठेवा आणि शब्द मोजा.

प्रत्येक डेव्हिलला, लेम्युर वगळता, एक खरं नाव असतं आणि ते हाती लागलं तर त्याच्यावर पकड बसते. नावाचा शोध हे एका साहसाला पुरेल एवढं काम आहे. ते नाव सहसा एखाद्या वरिष्ठाकडे किंवा हेवा करणाऱ्या बरोबरीच्याकडे सापडेल, म्हणजे पुन्हा त्याच उतरंडीत शिरावं लागणार.

कराराची भाषा आपल्याकडेच आहे

मराठीत खेळणाऱ्या टेबलांना एक गोष्ट फार सोयीची मिळाली आहे. डेव्हिलचा करार लिहायचा म्हटला की बरेच डीएम इंग्रजीतली जुनाट वाक्यं शोधत बसतात. त्याची गरज नाही. घरातल्या जमिनीचं जुनं खरेदीखत काढा. लिहून घेणार, लिहून देणार, सबब, उपरोक्त, राजीखुशीने, अक्कलहुशारीने, वालीवारस, तोशीस. ही भाषा ऐकताच आपल्याकडच्या कुठल्याही घरातला माणूस सावध होतो, कारण अशा कागदावर सही झाली की मागे फिरता येत नाही हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

मी माझ्या टेबलासाठी एक कलम असं केलं: "लिहून देणार यांनी आपले प्राणोत्तर राहणारे आत्मतत्त्व, त्यावरील सर्व हक्क व हितसंबंधांसह, लिहून घेणार यांस कायमचे दिले असे. सबब लिहून देणार यांचे वालीवारस त्यावर कोणतीही हरकत घेणार नाहीत व लिहून घेणार यांस कोणतीही तोशीस लागू देणार नाहीत." कागद जुना दिसेल असा छापा, पार्टीच्या वॉरलॉकला द्या, आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगा. टेबलावर जी शांतता पसरते ती कुठल्याही वर्णनाने आणता येत नाही.

कलमात एक पळवाट मात्र नक्की ठेवा, आणि ती खरी असू द्या. डेव्हिल फसवतो तो अर्थ वाकवून, शब्द मोडून नव्हे. खेळाडूलाही तीच मुभा हवी. वरच्या कलमात 'वालीवारस' हरकत घेणार नाहीत असं आहे. ज्याला वारस नाही त्याच्या वतीने हरकत कोण घेणार? गुरू? मठ? पलटण? एखाद्या खेळाडूने हा प्रश्न विचारला की नरकातल्या एखाद्या कारकुनाची झोप उडते, आणि त्याच्या वरिष्ठाचीही.

कराराचा कागद कुणाकडे जमा होतो हेही ठरवून ठेवा. ज्याने आत्मा आणला त्याचं श्रेय वरचा लाटू शकतो. इम्पने वर्षानुवर्षं गावातल्या सावकाराला वळवलं आणि सही घ्यायला बोन डेव्हिल आला, तर त्या इम्पच्या मनात काय असेल? पार्टीला मदत करणारा पहिला डेव्हिल तोच.

संगणकावर बघायचं असेल तर

टेबल जमत नसेल तर 2023 चा 'बाल्डर्स गेट 3' खेळा आणि त्यातली डेव्हिलांची नाती बारकाईने बघा. कार्लाक ही झारिएलच्या फौजेत दहा वर्षं ब्लड वॉर लढलेली. गॉर्टाश नावाच्या माणसाने तिला झारिएलच्या हवाली केलेलं, छातीत हृदयाऐवजी नरकातलं इंजिन. विल हा मिझोराशी करार केलेला वॉरलॉक; मिझोरा झारिएलची चाकर. मिझोरा विलला कार्लाकला मारायला सांगते. विलच्या करारात लक्ष्य कोण असू शकतं याला मर्यादा आहे, पण हृदय नसलेले त्यात येतात, आणि कार्लाकच्या छातीत हृदय नाही. अर्थ वाकवणं म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसला नाही. राफाएल हा मेफिस्टोफिलीसचा मुलगा, दरबारी बोलणारा, खाऊपिऊ घालणारा. त्याची सगळी गोडी बापाच्या आणि इतर धन्यांच्या वर चढण्याच्या हट्टातून येते. त्याला कारससचा जादूचा मुकुट कशासाठी हवा आहे हे एकदा लक्षात आलं की त्याचा प्रत्येक संवाद वेगळा ऐकू येतो.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्याकडच्या खेळाडूंना ती हमखास खटकते. या खेळात 'राक्षस' नावाचाही एक जीव आहे: वाघाचं डोकं, उलटे पंजे, रूप पालटण्याची विद्या. पाचव्या आवृत्तीने त्याचं मूळ नऊ नरकांतच दाखवलं आहे. आपल्या पुराणांतल्या राक्षसांशी त्याचा मेळ बसत नाही. रावण, मारीच, घटोत्कच यांची कुळं, नाती, तप आणि वर या गोष्टी डेव्हिलांच्या फौजी शिस्तीत कोंबू नका. मराठी कॅम्पेनमध्ये राक्षस हवेच असतील तर त्यांना स्वतंत्र उभं करा. नरकाची पलटण नरकातच राहू द्या.

सुरू करण्याआधी

गुलामी, आत्म्याचा व्यापार, छळ, जिवलगाचा सौदा हे विषय डेव्हिलांबरोबर टेबलावर येतातच. पहिल्या सेशनच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून विचारा की काय नको. कुणाला धार्मिक कारणाने काही नको असेल, कुणाच्या घरात नुकतंच दुःख झालं असेल. कारण विचारू नका, ते बाजूला ठेवा. वयाने लहान खेळाडू असतील तर त्यांच्या घरच्यांना एकदा सेशनला बसवा. मुखपृष्ठावरचं शिंगाचं चित्र बघून झालेला गैरसमज फासे पडताना ऐकले की बहुधा मावळतो.

मग एक कोरा कागद घ्या. मधोमध तुमच्या पहिल्या डेव्हिलचं नाव लिहा. वर त्याचा वरिष्ठ आणि त्या वरिष्ठाला याच्याकडून काय हवंय ते. खाली त्याच्या हाताखालचे दोघे आणि त्यातला कोण त्याची जागा बघतोय ते. बाजूला त्याच्या बरोबरीचा एक, ज्याच्याशी त्याचं जमत नाही. एवढं पुरे. पिट फीन्डपर्यंत साखळी ओढू नका. पार्टी जसजशी वर चढेल तसतशी एकेक कडी लिहा.

आणि तो मेल्यावर काय, हे आजच ठरवा. नरकाबाहेर मारलेला डेव्हिल संपत नाही, त्याचं शरीर विरतं आणि तो नरकात परत घडतो. नरकातच मारला तर मात्र, लेम्युर सोडून, कायमचा गेला. पार्टीने तुमच्या बोन डेव्हिलला मर्त्य लोकात मारलं असेल तर तो परत जाऊन वरिष्ठासमोर उभा राहील आणि वरिष्ठ त्याला शिक्षा देईल. वरच्याला खालच्याचा हुद्दा उतरवता येतो. तेव्हा काही सेशननंतर, एखाद्या साध्या चौकीवर, काटे फेकणाऱ्या एका स्पाइन्ड डेव्हिलला त्याच बोन डेव्हिलची बोलण्याची ढब द्या. त्याने पार्टीतल्या ज्याने त्याला मारलं त्याच्याकडेच बघत राहावं, आणि पहिला काटा त्याच्यावर टाकावा. खेळाडूंपैकी कुणीतरी ओळखेलच. नाही ओळखलं तर त्याला एकदा विचारू द्या, "ही चौकी कुणाच्या नावावर आहे?"